भिंत बरोबर, दोरी जुनी

माझ्या सांगण्यातलं निम्मं आधीच टाकून द्या. उरेल त्यातलं पुन्हा निम्मं टाका. असं करत करत शेवटी जे एकटंच हातात राहील, ते खरं. ही रीत माझी नव्हे, माझ्या दुकानासमोरच्या जोडेवाल्याची. मी बटणं विकायचो. माझ्याकडे कोटाचं बटण मागितलं की आधी उशीच्या अभ्र्याचं निघायचं, मग झबल्याचं, मग माझी कवळी, आणि तोवर गिऱ्हाईक पिन टोचून निघून गेलेलं असायचं. जोडेवाल्याचं तसं नव्हतं. त्याच्याकडे भिंत होती.

त्या भिंतीवर गल्लीतल्या यच्चयावत माणसांचे पाय टांगलेले होते. दचकू नका, लाकडाचे. त्याला फर्मा म्हणतात: गिऱ्हाइकाच्या पावलासारखं लाकूड कोरायचं आणि त्यावर कातडं ताणून जोडा शिवायचा. एका माणसाची एक जोडी, एका खुंटीला एक जोडी. भिंत इतकी लांब, की दाराशी शिंक आली तर ती खिडकीशी पोचेपर्यंत सर्दी बरी झालेली असायची. आणि एवढ्या पायांवर एकाचंही नाव लिहिलेलं नाही.

"नाव कशाला?" तो म्हणायचा. "लग्न झालं की नाव बदलतं, बढती मिळाली की बदलतं, उधारी झाली तर माणूस स्वतःच बदलून सांगतो. पाय बदलत नाही. माप एकदाच घ्यायचं, जन्माला पुरतं."

म्हणूनच तो पोरांचे जोडे शिवत नसे. "वाढतं गिऱ्हाईक आपल्याला नको."

फर्मे लावलेले होते ते लांबीने नव्हे, घेराने. दाराशी सगळ्यात निमुळतं पाऊल, खिडकीशी सगळ्यात भरलेलं. मधे एकेक केसाने वाढत गेलेले. का, तर लांबी कुणीही ओळखतो, जोडा चावतो तो घेरात. गिऱ्हाईक आलं की तो त्याचं पाऊल मांडीवर घेई, भोवती सुती दोरी गुंडाळी, जिथं टोक जुळे तिथं गाठ मारी. मग बोटांनी चाचपत प्रत्येकाला तेच विचारी, "कुठं दुखतंय का?" भल्याभल्यांचे डोळे त्या प्रश्नाने ओले झालेले मी पाहिलेत. घरात कुणी विचारत नसावं.

मग ती दोरी घेऊन तो भिंतीशी जाई. दारापासून सुरुवात नाही, खिडकीपासूनही नाही. सरळ मधल्या खुंटीपाशी. त्या फर्म्याभोवती दोरी टाकून बघायची. दोरी पुरली नाही, तर हा फर्मा मोठा, म्हणजे खिडकीकडचे सगळे याहून मोठेच. अख्खी अर्धी भिंत बाद! दोरी ढिली पडली, तर हा लहान, दाराकडची अर्धी भिंत बाद. उरलेल्या अर्ध्यात पुन्हा मधला. पुन्हा निम्मं टाक. पुन्हा मधला. शंभरावर पाय होते भिंतीवर, पण सहा-सात हातांत दोरीची गाठ टोकाला अशी टेकायची की बस्स. आणि तो फर्मा काढून गिऱ्हाइकापुढे धरायचा, "हे घ्या, तुम्ही."

"अरे, आणि भिंत दुप्पट केली तर?" मी एकदा विचारलं.

"तर एक हात जास्त."

"एकच?"

"एकच. जगातले सगळे पाय टांग इथं. चाळिसाव्या हाताच्या आत काढून देतो."

"तोवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून मरशील की."

"मरेन, पण जोडे झिजवून मरेन. धंद्याला बरं."

या सवयीपायी पोरं त्याला अर्धेकाका म्हणत. मी वयाने वडील, मी नुसता अर्ध्या म्हणे, आणि तो मला बटण्या. चहाही अर्धा प्यायचा, भांडणही अर्ध्यात सोडायचा. मी तर गल्लीभर सांगत फिरलो होतो की, याने बायकोसुद्धा अशीच शोधली: मुली उंचीने ओळीत उभ्या केल्या आणि मधलीपासून निम्म्या निम्म्या घरी पाठवल्या. वहिनींच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "खोटं आहे भावोजी. ओळीत मी एकटीच होते. निम्मी घरी पाठवायची सोय नव्हती, म्हणून अख्खी आणली."

वहिनींचा फर्मा भिंतीवर दाराकडच्या अर्ध्यात होता. दूधवालीच्या आणि शाळेतल्या गाण्याच्या बाईंच्या मधल्या खुंटीवर. लग्न झाल्या झाल्या अर्ध्याने त्यांचं माप घेतलं होतं. ती दोरी, तिची ती एक गाठ, तो सदऱ्याच्या खिशात बाळगायचा. त्या मापाचा जोडा मात्र एकदाच शिवला. दुसरा शिवतो शिवतो म्हणत राहिला. गिऱ्हाइकांचं आधी. जोडेवाल्याच्या बायकोच्या पायात कायम ठिगळाचा जोडा, आणि बटणवाल्याच्या सदऱ्याला पिन. गल्लीचा नियमच होता तो.

"तुमच्या भिंतीवर माझा पाय आहे, तुमच्या ध्यानात नाही," वहिनी म्हणायच्या. "एक दिवस तिथून माझा पाय काढून घेईन. मग बसा निम्मं निम्मं करत."

आम्ही हसायचो. त्याही हसायच्या.

मग त्यांच्या पायांना सूज आली. डॉक्टरांनी छाती तपासली, पोटऱ्यांवर बोट दाबलं, तिथं खळगा पडला तो लवकर भरेना. औषधं सुरू झाली. जोड्यात पाऊल शिरेना. त्यांची लेक दुकानातच बापाच्या हाताखाली काम शिकलेली, आरी चालवण्यात त्याच्याहून कणभर सरस. ती म्हणाली, "बाबा, आईचं माप पुन्हा घ्या ना. पाय फार भरलेत."

अर्ध्या कातडं चिकटवायची खळ ढवळत होता. वर बघितलंसुद्धा नाही. "सूज म्हणजे पाहुणा," तो म्हणाला. "पाहुण्याचं माप घेत नाहीत. आज आलाय, उद्या जाईल."

"आणि नाही गेला तर?"

"जाईल म्हटलं ना!"

एवढ्या मोठ्याने त्याला ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येकाचं पाऊल मांडीवर घेणारा हा माणूस, पण त्या दिवसापासून बायकोच्या पायांकडे त्याने बघणंच सोडलं. बोलताना तोंडाकडे बघायचा. जेवताना ताटाकडे. त्या चालत आल्या की खिडकीकडे. पाहुणा मात्र घरचाच होऊन बसला. वहिनी गार फरशीवर अनवाणी चालू लागल्या.

काही दिवसांनी त्यांच्या पायांत जाड कापडाचे, मऊ तळाचे जोडे दिसले. अर्ध्याने ते ऐकले आधी, फरशीवर फसफस वाजले तसे.

"बाजारातले?" त्याने विचारलं. तोंडाकडे बघूनच.

वहिनी लेकीकडे बघून म्हणाल्या, "बाजारातले."

"माझ्या घरात बाजारातला जोडा?"

"मग काय डोक्यावर घालू पाय?"

तो अर्ध्यात भांडण सोडणारा माणूस, पण ते भांडण त्याने अर्ध्यातही सोडलं नाही, सुरूही केलं नाही. नुसता गप्प झाला. घरात तेवढ्यापुरतं बोलणं राहिलं: औषध घेतलं का, दार लाव, दिवा मालव. आणि तो अबोला मिटायच्या आतच वहिनी गेल्या. झोपेत गेल्या, त्यामुळे शेवटचं म्हणून काही बोलणं झालं नाही.

आता इथं मी थापा मारत नाही. म्हणजे कमी मारतो.

बरेच दिवस दुकान बंद होतं. उघडलं त्या सकाळी मी मुद्दाम पहिला जाऊन बसलो. अर्ध्याने खिशातून वहिनींची दोरी काढली.

"एक जोड शिवीन म्हणतो," तो म्हणाला.

"कुणासाठी?"

"तिच्यासाठीच. उशीर झाला म्हणून काम टाकता येतं का? शब्द दिलेला होता." मग हळू आवाजात, "आणि बटण्या, तिचा पाय एकदा हातात घ्यायचाय. माप घेतलं तेव्हा घेतला होता, तेवढाच."

तो मधल्या खुंटीपाशी गेला. दोरी पुरली नाही. खिडकीकडची भिंत बाद. उरलेल्यातला मधला घेतला. दोरी ढिली. मग पुढचा, मग पुढचा. हात सवयीनं चालत होते. दूधवालीचा फर्मा: दोरी केसभर ढिली. त्याला लागूनच गाण्याच्या बाईंचा: दोरी केसभर तोकडी. मधे काही नाही. दूधवाली आणि गाण्याच्या बाई शेजारी शेजारी, जशा काही पहिल्यापासून तशाच.

त्याने पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा त्याच दोघींच्या मधे येऊन दोरी लोंबकळली. त्या रीतीचा हाच स्वभाव. वस्तू असेल तर हातात देते, नसेल तर बोट ठेवून सांगते की असती तर इथंच असती. "कदाचित" हा शब्द तिला येत नाही.

अर्ध्या खाली बसला. "काढून घेतला," तो म्हणाला.

"काय?"

"पाय. म्हणाली होती ना. काढून घेतला."

"अरे, थट्टेत म्हणाल्या होत्या!"

"बाजारातले जोडे घातलेन तेव्हा थट्टा होती? मी बोलत नव्हतो तेव्हा थट्टा होती? चुलीत घातला असेल. माझ्यावर रागावूनच गेली ती, बटण्या."

लेक मागे कातडं कापत होती. रापी थांबली. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि पुन्हा कापायला लागली. तिरकं कापलं गेलं ते मला माझ्या स्टुलावरून दिसलं.

मी आपला तोडगा काढला, "कुणीतरी भलत्या खुंटीवर टांगला असेल रे. तुझी ती रीत, एक जरी पाय जागा सोडून बसला तर चकते की नाही? एकेक करून बघ."

"माझ्या भिंतीवर भलत्या खुंटीवर?" तो फणकारला. "आणि एकेक करून कोंबडी दाणे टिपते."

"मग आज हो कोंबडी. मी कुणाला सांगणार नाही."

"तू? तू तर आत्ताच निम्म्या गल्लीला सांगून आलायस."

पण उठला. दाराशी गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या खुंटीपासून सुरुवात केली. एकेक जोडी काढायची, हात फिरवायचा, दोरी टाकायची, परत टांगायची. हाताला ओळखीचे पाय लागत गेले तशी त्याची जीभ थोडी सुटली. "हा शिंपी. बसून बसून पाय असा झालाय, जशी काही पोळपाटाची पाठ. हा पोस्टमन, याचा अंगठा बघ, वाकून पत्ता वाचतोय. ही न्हाव्याची सासू. हिच्या टाचेला न्हावीसुद्धा भ्यायचा." मी हसत होतो, कारण कुणीतरी हसायला हवं होतं. लेक हसत नव्हती. तिचं काम कधीच थांबलं होतं. बाप जसजसा खिडकीकडे सरकत होता तसतसे तिचे हात पदराला पुसले जात होते.

भिंतीचा मध्य ओलांडला. ही ती अर्धी भिंत, जी तो दर वेळी पहिल्याच हाताला बाद करत आला होता. तिथल्या एका खुंटीवरची जोडी त्याने काढली. फर्म्यावर चामड्याच्या पट्ट्या चढवलेल्या होत्या, एकीवर एक, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. कुणाच्या पायाला हाडाची गाठ असली की असं करतात, त्यात नवल नाही. त्याने दोरी टाकली. बोटभर तोकडी पडली.

"ही कोण जाडी?" तो म्हणाला. "काय पाय आहे का उखळ! लेकी, हे काम तुझं दिसतंय. हात चांगला बसलाय. गिऱ्हाईक कोण?"

लेक खाली पडलेले कातड्याचे तुकडे गोळा करायला लागली.

त्याने त्या पावलावरून आणखी एकदा अंगठा फिरवला, जोडी परत टांगली, आणि पुढचा फर्मा उचलला.

खिडकीशी पोचला तेव्हा त्याचे खांदे पडले होते. "नाही," तो म्हणाला. "एकेक करूनही नाही." आणि तिथंच, सगळ्यात भरलेल्या पायाखाली, भिंतीला टेकून बसला. मी कितीही थापाड्या असलो तरी त्या वेळी एक थाप सुचली नाही.

लेक उठली. बापापुढे येऊन उकिडवी बसली. पदराच्या गाठीतून तिने एक दोरी काढली. तशीच सुती, पण तिला एक गाठ नव्हती. एकापुढे एक, बऱ्याच होत्या.

"बाबा, भिंत बरोबर आहे," ती म्हणाली. "दोरी जुनी आहे."

त्याला कळलं नाही. त्याने दोरी हातात घेतली. पहिली गाठ स्वतःच्या दोरीच्या गाठीशी लावून बघितली. तंतोतंत. मग त्याचं बोट पुढच्या गाठीवर गेलं, मग त्याच्या पुढच्या. काही गाठी जवळजवळ होत्या, शेवटच्या दोन गाठींत बरंच अंतर.

"हे कधी?"

"तुम्ही खळ आणायला जायचात तेव्हा. सूज वाढली की आई माप द्यायची. मी फर्म्यावर पट्टी चढवायचे, मधल्या जोड्या एकेक खुंटी सरकवायचे आणि नव्या जागी टांगायचे. तुम्हीच शिकवलंत ना, जिथं घेर तिथं खुंटी. कापडी जोडे त्याच्यावरच शिवले. बाजारातले नव्हते."

"मग सांगितलं का नाही मला?"

"आईने शपथ घातली होती. म्हणाली, ते मला अजून जुन्याच खुंटीवर शोधतायत. शोधू देत. इथं मी सापडले तर त्यांना सोसायचं नाही."

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मी हातात घेतला होता आत्ता," अर्ध्या म्हणाला. "मी म्हणालो, ही कोण."

"हो बाबा."

तो उठला. मला वाटलं सरळ त्या खुंटीकडे जाईल, जागा तर आता माहीत होती. नाही गेला. मधल्या खुंटीपाशी गेला, नव्या दोरीची शेवटची गाठ चिमटीत धरली आणि मधल्या फर्म्याभोवती टाकली. दोरी ढिली पडली. त्याने दाराकडच्या अर्ध्या भिंतीकडे एकदा बघितलं. दूधवाली, गाण्याच्या बाई, ती सगळी जुनी अर्धी. आणि तिच्याकडे पाठ केली. मग उरलेल्यातला मधला. मग त्याच्यातला. शेवटी गाठ टोकाला टेकली.

फर्मा घेऊन तो कामाच्या जागी बसला. लेक म्हणाली, "पट्ट्या उचकटून देऊ? आतलं लाकूड तसंच आहे. जुनं."

त्याने रापी उचलली. पातं वरच्या पट्टीच्या कडेखाली घातलं. ते तिथंच राहिलं थोडा वेळ. मग त्याने रापी खाली ठेवली.

"नको. एवढ्यासाठी थांबली होती ती," तो म्हणाला. "माप घ्यायचं राहिलंय."

आणि त्याने ते लाकडी पाऊल मांडीवर घेतलं, गिऱ्हाइकाचं घ्यायचा तसं, टाच तळहातात, चवडा गुडघ्यावर. हळूहळू दोरी गुंडाळली. घट्ट होऊ नये म्हणून एक बोट आत ठेवलं. मग अंगठ्याने एकेक पट्टी चाचपत गेला, पहिलीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत, आणि खाली वाकून विचारलं,

"कुठं दुखतंय का?"

लेकीने तोंडाला पदर लावला. मी माझ्या दुकानात गेलो, कारण मला बटणं आवरायची होती. ती मी पूर्वी कधी आवरली नव्हती आणि नंतरही नाही.

तो जोडा त्याने शिवला. असा जोडा त्या गल्लीत कुणी पाहिला नव्हता, मऊ, रुंद, आत लोकरीचं अस्तर. दुकानाच्या काचेत ठेवला होता. एक भरल्या पायाची बाई एकदा हटूनच बसली, मला बरोबर बसेल, म्हणाल ती किंमत देते म्हणून. अर्ध्या म्हणाला, "त्या मापाचं गिऱ्हाईक होतं हो. मीच दुकान उशिरा उघडलं."

त्यानंतर गिऱ्हाइकांची मापं तो दर खेपेला नव्याने घ्यायला लागला. लोक वैतागायचे. आणि रोज दुकान उघडलं की आधी गाठींची दोरी घेऊन मधल्या खुंटीपाशी जायचा. निम्मं टाकायचा, उरलेल्याचं निम्मं टाकायचा, आणि वहिनींपाशी पोचायचा.

"अरे, जागा पाठ आहे ना तुला?" मी एकदा म्हणालो. "सरळ जा की."

"सरळ गेलो," तो म्हणाला, "तर पुन्हा जुन्या खुंटीवर जाईन."

भिंत लांब होती हे टाका. न्हाव्याची सासू टाका, ती मी घातली. मुलींची ओळ तर टाकाच. माझ्या हातात आता एवढंच राहिलंय: वाकलेला एक माणूस, मांडीवर लाकडाचं पाऊल, आणि उत्तराची वाट बघत थांबलेला त्याचा अंगठा.